जावई, गादीसकट

मागच्या रविवारी पहाटे साडेपाचला मला जाग आली ती चपलांच्या वासाने. डोळे उघडले तर नाकासमोर कुणाच्या तरी सँडलचा पट्टा. रात्री झोपलो होतो मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, रांगेतल्या चौथ्या गादीवर. उठलो ते दाराबाहेरच्या व्हरांड्यात. गादी तीच, उशी तीच, पांघरूणही नीट खोचलेलं.

मेहुणीचं लग्न होतं आणि मी थोरला जावई. अधिक महिन्यात 33 अनारसे आणि दिवा देऊन ज्याला नारायण म्हणून ओवाळतात, तो. नारायणाला शेष, मला चपला.

कुणी उचललं विचारलं, तर कुणी लाजलंसुद्धा नाही. माझ्या घोरण्याला कंटाळून चौघांनी चार कोपरे धरले होते. बायको म्हणाली, "मला उठवायचं की, मीपण हात लावला असता."

एवढ्यात बायकोचे मामा चहाची कपबशी घेऊन आले आणि माझ्याच गादीवर बसले. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले.

"जावईबापू, राग नगा मानू. पर दोन तास ऐकलंय मी तुम्हास्नी."

जणू माझी मैफलच होती.

"सुरवातीला पयला गिअर. ठीक हाय. दीडच्या सुमाराला खंबाटकीचा घाट चढाय लागला."

"दमलो होतो मामा. होतं असं."

"होतं न्हवं, का होतं ते बघा." बशी बाजूला ठेवून त्यांनी मुठीची नळी केली. "ह्यो तुमचा गळा. जागं असताना ताठ. झोपलं की समदं ढिलं पडतंय. त्यात तुम्ही उताणं, म्हंजी जीभ मागं पडली. नळी दबली. आता वारं जायचं कुठनं? फटीतनं, जोरात. मग टाळूचा मऊ भाग आन पडजीभ, ट्रकवरच्या सैल ताडपत्रीवानी..." आणि त्यांनी मुठीत फुंकून हुबेहूब माझा आवाज काढला.

तीन पोरं जमली. "आजोबा, परत!" त्यांनी परत काढला. मग कुशीवरचा. मग नाक चोंदल्यावरचा. मग माझी कॉलर चिमटीत धरून आतला आकडा वाचला. "17! मान जाड झाली की नळीवर वजन येतंय." पोरं माझ्या मानेकडे बघायला लागली.

मी उठणार, तोच मामांचा आवाज खाली आला. "एक सांगू? मधी गाडी बंद पडत हुती तुमची. आवाज न्हाई, श्वास न्हाई. मी घड्याळ लावलं. बारा सेकंद. एकदा अठरा. मग एकदम दचकून किक बसायची. ह्या चौघांस्नी आवाजाचा तरास. मला तुमच्या गप बसण्याचा."

यावर मला विनोद सुचला नाही. मोबाइलवर वाचलं, दहा सेकंदांच्या वर श्वास अडणं तासाला पाचेक वेळा झालं, की त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. 1981 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकातून हवेचा दाब देऊन नळी उघडी ठेवायचं यंत्र जगापुढे मांडलं, सुरुवातीला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून. हे वाचून दाखवलं तर मामांचे डोळे चमकले. "कितीची मोटर?"

पण माझा राग अजून उतरलेला नाही. गादी उचलायला चार माणसं मिळतात, खांद्याला धरून कुशीवर वळवायला एक मिळत नाही! शुगरवाल्यांसाठी त्या लग्नात बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास होता. घोरणाऱ्याचा फक्त व्हिडिओ निघतो. माझा घरच्या ग्रुपवर आहे, 38 सेकंदांचा. त्याखाली सगळ्यात जास्त हसणारे इमोजी सासूबाईंचे.

उद्या झोपेच्या तपासणीला जायचंय. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपायचं म्हणे. तिथे तरी सकाळी त्याच खोलीत उठेन, अशी आशा आहे.

त्या सकाळी मात्र गादी गुंडाळत होतो, तेवढ्यात बाहेर गलका झाला. नवरदेवाच्या काकांच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी गायब. अख्खं वऱ्हाड माझ्याकडे वळलं.

"तुम्ही रात्रभर इथंच होता ना?" काका म्हणाले. "मग काहीच आवाज आला नाही तुम्हाला?"