‘डोळे झाकून डी-२ घ्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गेला महिनाभर एक निरोप फोनवरून फिरतोय. मला तो तिघांकडून आला: पेडण्याच्या मावसभावाकडून, काजूची कलमं बांधायला येणाऱ्या आमच्या जाणत्या कामगाराकडून, आणि वर्षातून एकदाही चाकू हातात न धरणाऱ्या एका शेजाऱ्याकडून. मजकूर थोडक्यात असा:

“खिशात ठेवायचा घडीचा चाकू घेताना पोलाद बघा, बाकी काही बघू नका. कडकपणा ६० एचआरसीच्या वर हवा, खालचं सगळं खेळणं. १२ टक्के क्रोमियम म्हणजे स्टेनलेस, तेव्हा गोव्याच्या हवेत डोळे झाकून डी-२ घ्या. चुंबक चिकटलं तर ते स्टेनलेस नव्हे. भारी पोलादाला धार लावावीच लागत नाही. कार्बन पोलाद आजोबांच्या काळातलं, विसरा. आणि परवडलं तर दमास्कस.”

मावसभाऊ डी-२ नावाच्या पोलादाच्या चाकूचे पैसे भरायच्या बेतात होता. “दादा, डी-२ मागवू ना?” एवढंच त्याने विचारलं. तो आठवड्यातले चार दिवस शापोऱ्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो. खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला हा सल्ला देणं म्हणजे त्याचे पैसे बुडवणं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“१२ टक्के क्रोमियम म्हणजे स्टेनलेस, म्हणून डी-२”

डी-२ मध्ये साधारण १२ टक्के क्रोमियम असतं, हा आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पात्याला गंजापासून वाचवतं ते पोलादात विरघळून मोकळं राहिलेलं क्रोमियम. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते पात्यावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतं. हा पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. ओरखडला तरी लगेच पुन्हा धरतो. पण त्याच पोलादात कार्बन भरपूर असेल तर तो क्रोमियमला आपल्याकडे ओढतो आणि दोघांचे मिळून कठीण कण तयार होतात. त्यांना कार्बाइड म्हणतात. हे कण झीज रोखतात, धार टिकवतात. मात्र त्यांच्यात अडकलेलं क्रोमियम पापुद्रा धरण्याच्या कामी येत नाही.

डी-२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे चाकूच्या पोलादात बराच जास्त. त्यामुळे १२ टक्क्यांतला मोठा वाटा कार्बाइडमध्येच बांधला जातो. जाणकार डी-२ ला ‘अर्धं स्टेनलेस’ म्हणतात ते यामुळे. हे पोलाद मुळात पत्रा कापायच्या आणि ठोकायच्या डायसाठी, म्हणजे साच्यांसाठी, वापरलं जातं. तिथे झीज सोसावी लागते, समुद्र सोसावा लागत नाही.

आता मॅग्नाकट बघा. लॅरिन थॉमस या अमेरिकी धातुतज्ज्ञाने खास चाकूंसाठी रचलेलं हे पोलाद २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियम आहे १०.७ टक्के, डी-२ पेक्षाही कमी. तरी गंजासमोर ते डी-२ पेक्षा कितीतरी जास्त टिकतं. कारण त्याची रचनाच अशी केली आहे की कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियम या धातूंशी बांधला जावा आणि क्रोमियम जवळपास सगळं मोकळं राहावं. स्वीडनचं १४सी२८एन घ्या. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के, आणि थोड्या कार्बनच्या जागी ०.११ टक्के नायट्रोजन. कार्बन कमी असल्यामुळे क्रोमियम मोकळं राहतं. म्हणून क्रोमियमचा आकडा एकटा वाचून उपयोग नाही, शेजारी कार्बनचा आकडा ठेवूनच तो वाचावा लागतो.

यात आपली हवा मिसळा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला क्लोराइड नेमका त्या पापुद्र्यावर घाला घालतो, तोही सगळीकडे सारखा नाही, एकेका ठिपक्यावर. वरून टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो, खाली खड्डा खोल गेलेला असतो. मांडवी, जुवारी, शापोरा, सगळीकडे भरतीचं खारं पाणी पार आत शिरतं. आगरवाड्याची मिठागरं काही समुद्राला लागून नाहीत, खाडीच्या काठाने आहेत.

माझ्याकडे डी-२ चं पातं होतं. खाडीवर कोळंबीचं आमिष कापलं, चड्डीलाच पुसलं आणि घडी करून खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं तर धारेच्या कडेने नारिंगी ठिपक्यांची रांग. ठिपके पुसले गेले, पण नखाला कड खरखरीत लागत होती. आदल्या दिवशी कागद चिरणारं पातं एका दिवसात, काहीही न कापता, बोथट झालं होतं. पात्याच्या सपाट भागावरचा गंज आपल्याला दिसतो आणि आपण हळहळतो. खरं नुकसान धारेच्या टोकावर होतं. ते टोक इतकं बारीक असतं की तिथे खड्डा पडायला काहीच लागत नाही. ‘धार टिकत नाही’ म्हणून आपल्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याच मुळात गंजाच्या असतात असं माझं ठाम मत आहे.

डी-२ वाईट पोलाद नाही. दुकानात दिवसभर खोकी फोडणाऱ्याला, पातं कोरडं ठेवून तेलाचा हात फिरवणाऱ्याला ते थोडक्या पैशांत छान सेवा देतं. पण ‘गोव्याच्या हवेत डोळे झाकून’ हे शब्द त्याच्या वाट्याला यायला नकोत.

“चुंबक चिकटलं तर स्टेनलेस नव्हे”

ही परीक्षा भांड्यांच्या दुकानातून आली आहे आणि ती तिथेच राहू द्यावी. डबे-ताटं ज्या ३०४ पोलादाची असतात त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते चुंबकाला चिकटत नाही, पण तापवून आणि थंड करून ते कडकही होत नाही. चाकूचं पातं कडक व्हायलाच हवं, आणि पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यावर, पोलादाची जी कडक घडण तयार होते ती चुंबकाला चिकटते. १४सी२८एन चिकटतं, ४४०सी चिकटतं, स्विस चाकूंचं पातं चिकटतं. ज्या डी-२ ला हा निरोप स्टेनलेस म्हणून गौरवतो, तेही चिकटतं. म्हणजे निरोपातला एक मुद्दा दुसऱ्याच मुद्द्याला खोटा पाडतो. स्वस्तातला चाकू चुंबकाला अजिबात चिकटला नाही तर उलट काळजी करा, ते पातं बहुधा भांड्याच्या पत्र्याचं असेल.

“कडकपणा ६० च्या वर, खालचं खेळणं”

एचआरसी म्हणजे रॉकवेलचं माप. हिऱ्याचं निमुळतं टोक १५० किलोच्या भाराने पोलादात रुतवायचं आणि ते किती खोल गेलं त्यावरून आकडा काढायचा. तो आकडा पातं किती दबतं ते सांगतो. किती चिवट आहे, गंजेल का, नीट कापेल का, यातलं काहीही तो सांगत नाही.

व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीची पाती ५५-५६ ची असतात. जगभर ती खिशाखिशात आहेत, कोणी त्यांना खेळणं म्हणत नाही. बक कंपनीचं ४२०एचसी हे कागदावर अगदी सामान्य पोलाद, कार्बन अर्ध्या टक्क्याच्याही किंचित खाली. पण पॉल बॉस या कारागिराने बसवलेल्या पद्धतीने त्याला पाणी दिलं जातं, ५८ च्या आसपास आणलं जातं, आणि ते आपल्या वर्गाच्या वरचं काम करतं. आपले लोहार कोयत्याबद्दल बोलताना लोखंड कुठलं हे नंतर सांगतात, आधी ‘पाणी बरोबर बसलंय’ म्हणतात. घडीच्या चाकूलाही तेच लागू आहे. चांगलं पोलाद जास्त तापवलं किंवा नीट उतरवलं नाही, म्हणजे पुन्हा हलकं तापवून त्याचा ताठरपणा कमी केला नाही, तर पात्यावर कोरलेलं नाव नुसतं नाव राहतं.

मऊ पात्याची धार वाकते, कडक पात्याची तुटते. वाकलेली धार चार हात फिरवून सरळ होते. तुटलेली भरून काढायला पातं घासून कमी करावं लागतं. खडकावरची कालवं चाकूच्या टोकाने उकलणारे आपल्याकडे खूप आहेत. कडक, बारीक टोकाच्या पात्याने हे काम करू नये, टोक शिंपल्यातच राहतं. मुळात ते काम घडीच्या चाकूचं नाहीच. पण करणारच असाल तर ५६ चं पातं ६२ च्या पात्यापेक्षा जास्त दिवस जगेल.

“भारी पोलादाला धार लावावी लागत नाही”

सगळ्यात जास्त फसवणूक या वाक्याने होते. प्रत्येक पातं बोथट होतं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कॅट्रा संस्थेची एक चाचणी आहे: ५ टक्के वाळूचे कण मिसळलेला पुठ्ठा यंत्राने पात्यावर ओढायचा आणि किती कापला गेला ते मोजायचं. एस३०व्ही किंवा एम३९० सारखी पोलादं तिथे वर येतात, कारण त्यांतले व्हॅनेडियमचे कार्बाइड झिजता झिजत नाहीत. काथ्याच्या दोऱ्या, पुठ्ठा, सिमेंटच्या गोणी हे रोजचं काम असेल तर त्या पोलादावर घातलेला पैसा वसूल होतो, हे मान्यच आहे.

पण त्याच चाचणीत धारेचा कोन बदलला की निकाल उलटेपालटे होतात. प्रत्येक बाजूला २५ अंशांची जाड धार असलेलं भारी पोलाद १५ अंशांच्या पातळ धारेच्या साध्या पोलादासमोर मागे पडू शकतं. कैरीची फोड करताना हे हातालाच कळतं: जाड पातं फोड फोडतं, पातळ पातं ती कापतं. निरोपात कोनाबद्दल, पात्याच्या जाडीबद्दल एक अक्षर नाही.

दुसरी अडचण घरी येते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला धार लावायचा दगड बहुतेकांकडे असतो. व्हॅनेडियमचं कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा, म्हणजे अशा दगडांतल्या कणांपेक्षा, कठीण असतं. अशा दगडावर ते पातं तासभर घासलं तरी कणांच्या भोवतालचं पोलाद तेवढं झिजतं आणि कड नीट येत नाही. त्याला हिऱ्याची पट्टी लागते. भारी चाकू घेतला, पट्टी घेतली नाही, आणि वर्षभर बोथट पातं खिशात वागवलं, असे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा दहा मिनिटांत निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, तयार होणारं ८सीआर१३एमओव्ही या साध्या पोलादाचं स्वस्त पातं वापरणारा सुखी असतो.

“कार्बन पोलाद विसरा”

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. घराघरातली आदोळी, म्हणजे विळी, कार्बन पोलादाचीच. कच्ची केळी, काजूची बोंडं चिरून ती काळी पडते, कारण फळातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळा रंग धरतं. तो रंग तांबड्या गंजापेक्षा वेगळा. तो बसला की पातं थोडं सावरलेलं राहतं. म्हणून पिढ्यान् पिढ्या आदोळ्या टिकल्या: रोज वापर, रोज पुसणं.

१०९५ सारख्या पोलादात कार्बन ०.९५ टक्के असतो आणि क्रोमियमचे मोठे कण नसतात, त्यामुळे धार फार बारीक येते. कलम करताना याची किंमत कळते. काजूची किंवा आंब्याची काडी एका ओढीत, न चुरगळता, सपाट कापली गेली तरच खुंट आणि काडी नीट चिकटतात. आमचे कलम बांधणारे पातं दिवसातून चार वेळा निसण्यावर फिरवतात, संध्याकाळी पुसून तेल लावतात. त्यांच्या हातात स्टेनलेस कोंबायचं कारण नाही. फ्रान्समध्ये १८९० पासून बनत आलेला ओपिनेल हा घडीचा चाकू आजही कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पात्यांत मिळतो, आणि दोन्हींना गिऱ्हाईक आहे.

खाडीवर मात्र कार्बन पातं नेऊ नका. आणि लाकडी मुठीचा घडीचा चाकू आषाढात फुगून उघडेनासा होतो, हेही लक्षात असू द्या.

“परवडलं तर दमास्कस”

दक्षिण भारतातल्या मुशीत बनलेलं वूट्झ पोलाद पश्चिम आशियात जायचं आणि त्याची पाती दमास्कसच्या नावाने गाजली. आज त्या नावाने जे विकलं जातं ते बहुतेक दोन पोलादांचे थर एकत्र ठोकून आम्लाने उठवलेली नक्षी असते. काही स्वस्त चाकूंवर नुसती छापलेली. नक्षी कापत नाही, धारेवर कुठलं पोलाद आलंय ते कापतं, आणि विकणारा तेच सांगत नाही. ‘सर्जिकल स्टील’ आणि नुसतं ‘४४०’ हेही याच जातीचं. ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२०. पुढचं अक्षर गाळलेलं असेल तर हलकं धरूनच किंमत ठरवा.

मावसभावाला मी १४सी२८एन घ्यायला लावलं. मिठाला याहूनही कमी दाद देणारी पोलादं आहेत: एच-१, एलसी२००एन. एलसी२००एन मध्ये कार्बनचं काम बऱ्याच अंशी नायट्रोजनवर सोपवलंय. होडीवर रोज जाणाऱ्याने ती जरूर घ्यावीत, पण ती महाग आहेत आणि सहज मिळत नाहीत. त्याच्या चार दिवसांच्या गरवण्याला एवढं पुरतं. चाकू आल्यावर त्याला एवढंच दाखवलं: खाडीवरून घरी आलास की पातं उघडून नळाच्या गोड्या पाण्याखाली धर, सांध्यात पाणी जाऊ दे, कारण मीठ तिथेच लपतं. दोन-चारदा उघड-मीट कर. फडक्याने पूस, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोड. आणि ते चामड्याचं म्यान आलंय त्यासोबत, पावसाळ्यात त्यात चाकू ठेवू नकोस. चामडं ओल धरून ठेवतं. खिडकीवर उघडाच ठेव, धार भिंतीकडे करून.