वापरलाय की वो वैनी!

कोल्हापुरात दुकानदाराशी भांडणं लई अवघड, कारण तो भांडतच नाही. तुम्ही तोंड उघडायच्या आत "बसा की" म्हणतो, पोराला चहा सांगतो, गाव कुठलं विचारतो आणि चहा येईपर्यंत तुमच्या मावसभावाच्या साडूचा वर्गमित्र निघतो. आता अशा माणसाला "पैसे परत द्या" कुठल्या तोंडानं म्हणायचं?

तर आमचा मिक्सर. साडेसातशे वॅटचा, महाद्वार रोडला घेतलेला, घेऊन महिना पण झाला नव्हता. विकताना दुकानातला पोरगा छातीठोकपणे म्हणालेला, "वैनी, हळकुंड टाका, पीठ करतंय." हळकुंड राहू दे बाजूला, सासूबाईंनी कांदा-लसूण चटणीचा घाणा लावला आणि अर्ध्या मिनिटात मिक्सर गप्प. खालचं लाल बटण दाबायचं, थोडं थांबायचं, परत चालू, परत गप्प, आणि मग तो जळका वास, जो एकदा आला की घरातले सगळे आपापल्या खोलीतून ओरडतात, "काय करपलं?"

गेलो घेऊन, मी, हे आणि सासूबाई. मालकांनी भांड्याचं झाकण उघडलं, नाकाला लावलं, दणकून शिंकले आणि डोळे पुसत म्हणाले, "वापरलाय की वो हा!" मला नाही, आमच्या ह्यांना. मिक्सर वापरणार मी, बिघडला माझ्यासमोर, बिल माझ्या नावाचं, पण उत्तरं सगळी ह्यांना. आणि हे चहा पीत, "व्हय व्हय, वापरलाय जरा."

आता मला सांगा, न वापरता मिक्सर बिघडलाय हे कळायचं कसं? कपाटात ठेवून रोज उदबत्ती ओवाळायची काय? नवा असताना तक्रार केली तर "अजून वापरून तरी बघा", वापरून बघितला तर "आता वापरलाय". म्हणजे माल परत द्यायचा मुहूर्त या दोन वाक्यांच्या मधे कुठंतरी येऊन जातो आणि गिऱ्हाईकाला पत्ताच लागत नाही.

मग मालकांनी बिलावर बोट ठेवलं. वर "श्री महालक्ष्मी प्रसन्न", मधे मिक्सर, आणि सगळ्यात खाली, मुंगीनं पण चष्मा लावून वाचावं एवढ्या अक्षरात, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." एवढं बारीक लिहायचं आणि मग बोट दाखवून मोठ्यानं वाचायचं, वा!

पण मी आदल्या रात्री जागून वाचून आलेली. म्हटलं, काका, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला जुलै २०२० मधे. त्यात लिहिलंय की सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत घेऊन पैसे द्यायला नकार दिला, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांत, तर ती अनुचित व्यापारी प्रथा. तुमच्या बिलावर मुदत कुठाय? वापरलेला का कोरा असा प्रश्नच नाही, प्रश्न सदोष आहे का एवढाच. काका म्हणाले, "ते कंपनीचं आहे, उद्यमनगरात सर्विस सेंटरला जावा." म्हटलं, पैसे घेताना कंपनी कुठं होती गल्ल्यावर?

(कायदा सगळ्यालाच लागू होतो असं पण नाही हं. आमच्या गल्लीतल्या एक काकू पैठणी लग्नात मिरवून, पदरावर मठ्ठा सांडून, दुसऱ्या दिवशी "रंग पसंत पडला नाही" म्हणून परत द्यायला गेल्या होत्या. रंग न आवडणं हा साडीतला दोष नव्हे, तिथं दुकानदारानं घेतली तर त्याची मेहरबानी. त्यानं घेतली नाही, आणि मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.)

मी पुढं सांगणार होते की १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावता येतो, जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः जाता येतं, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांच्या आत कधी पण. पण तोपर्यंत मालक आणि आमचे हे, दोघं पण पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमवाले निघाले आणि शाहू स्टेडियमवरच्या कुठल्यातरी जुन्या पेनल्टीवर घसरले. आमचा मिक्सर काउंटरवर, वायर लोंबकळत, आणि पंच कसा आंधळा होता यावर दोघांचं एकमत. माझ्या बाजूनं दुकानात एक माणूस आणलेला, तो पण गेला.

शेवटी सासूबाई उठल्या. त्यांना कायदा बियदा माहीत नाही. त्यांनी पिशवीतनं डबा काढला, त्यात भाजलेली मिरची, खोबरं, धने, सगळं तयार (ही बाई घरातनंच ठरवून आलेली!) आणि पोराला म्हणाल्या, "लाव रे वायर." मालक म्हणाले, "अवो आज्जी, चटणी डंकावर कुटायची असती." आज्जी म्हणाल्या, "मग विकताना सांगायचं, कोल्हापुरात चालत न्हाई म्हणून."

दोष डोळ्यांना दिसत नसला तर आयोग वस्तू लॅबला पाठवतो म्हणे. आमची लॅब काउंटरवरच. मिक्सर फिरला, थांबला, आणि घाईत झाकण नीट न बसल्यानं संकेश्वरी मिरचीचा धुरळा एसी लावलेल्या बंद दुकानात सगळीकडं. टीव्ही बघायला आलेलं जोडपं खोकत खोकत रस्त्यावर, पोरगा फ्रिजच्या मागं, मालक पदर नाही म्हणून बिलबुक तोंडाला लावून उभे. वर जळका वास होताच. कुणाला काही पटवायची गरज उरली नाही.

"काढ रे नवा बॉक्स!" मालक आतनंच ओरडले.

नवा बॉक्स आला. मी बिलावर बदलून दिल्याची तारीख आणि सही घेतली, ह्यांनी पुढच्या मॅचला भेटायचं ठरवलं, आणि सासूबाईंनी बॉक्स फोडून डब्यात उरलेलं खोबरं नव्या मिक्सरला लावलं. झकास फिरला. पोरगा फ्रिजच्या मागनं बाहेर आला, भांड्यात वाकून बघितलं आणि म्हणाला,

"आज्जी, आता हा पण वापरलेला झाला की वो."