जागतिक नागरिक घडवा, पण बेताने

तुमच्या शाळेत जागतिक नागरिकत्वाचा उपक्रम घ्यायचं ठरलं, त्याबद्दल आधी अभिनंदन. वरून पत्र आलं, पत्राखाली 'अहवाल आठ दिवसांत सादर करावा' असं होतं, म्हणून ठरलं, हे आपल्या दोघांत राहू द्या. अहवालात 'विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव' असं लिहायची पद्धत आहे. किनाऱ्यावरच्या शाळांतले असे उपक्रम बरेच पाहिले असल्यामुळे चार युक्तीच्या गोष्टी सांगायचा अधिकार मी परस्पर घेतो आहे.

प्रास्ताविक मुख्याध्यापकांनी करावं. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टं ठरवली, त्यातलं चौथं शिक्षणाचं, आणि त्यातल्या ४.७ या कलमात जागतिक नागरिकत्व येतं, एवढं सांगितलं की पुढच्या रांगेतले पालक माना डोलावतात. २०३० पर्यंत सगळ्या विद्यार्थ्यांना हे यायला हवं, हेही सांगा. मुदत असली की विषयाला वजन येतं. फक्त कलम अख्खं वाचू नका. त्या यादीत जागतिक नागरिकत्वाच्या आधी मानवी हक्क आणि स्त्री-पुरुष समानता येऊन बसली आहेत. तेवढ्या जागेवर चष्मा पुसायला काढा.

युनेस्कोने याच विषयावर शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यात तीन भाग आहेत: जाणून घेणं, वाटणं आणि करणं. पहिल्या दोन भागांना खर्च नाही. मुलांनी जाणून घ्यावं, मुलांना वाटावं, आणि साडेबाराला खिचडी खायला बसावं. तिसऱ्या भागाकडे मात्र जाऊ नका. तिसऱ्या भागापायी गावात भांडणं होतात.

आता नकाशा. शाळेच्या दर्शनी भिंतीवर जगाचा नकाशा हवाच, त्याशिवाय फोटोला मागे काय घेणार? रंगवायला शक्यतो गणपती रंगवणारा गावातलाच माणूस बघा, तो श्रावणाआधी मोकळा असतो. त्याच्याकडच्या जुन्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं असेल. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे, पण भिंतीवर जागा तेवढीच, आणि ग्रीनलंडचं कोणी मतदार यादीत नाही, आफ्रिकेचंही नाही, तेव्हा असू दे. आपलं गाव लाल ठिपक्याने दाखवा. ठिपका श्रीलंकेएवढा आला तरी सरपंच तक्रार करणार नाहीत. चिऱ्याची भिंत आहे, पाऊस दक्षिणेकडून झोडपतो, त्यामुळे अंटार्क्टिका नारळी पौर्णिमेच्या आत हिरवं होतं आणि दसऱ्यापर्यंत शेवाळ चिलीपर्यंत चढतं. तोवर फोटो अपलोड झालेले असतात.

पाहुण्याची निवड नीट करा. परदेशात राहणारा आणि सुट्टीला आलेला माजी विद्यार्थी मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो अमेरिकेतला किंवा जर्मनीतला हवा. कुवेत, दोहा, मस्कतवाले बोलावू नका. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात असे घरटी सापडतील, आपल्या वाडीतही आहेत. त्यांनी एका खोलीत सहा-सहा जणांत दिवस काढलेले असतात. फिलिपिनी फोरमनच्या शिव्या कळू लागतात, पाकिस्तानी ड्रायव्हरच्या डब्यातलं सालन आवडू लागतं, बंगाली प्लंबर आजारी पडला तर त्याची पाळी भरून काढली जाते. वर्षानुवर्षं असं राहिलेला माणूस मुलांसमोर उभा केलात तर तो हेच बोलेल. मग एखादं कार्टं विचारेल, 'काका, तुमचा पासपोर्ट कोणाकडे असायचा?' आणि काका खरं सांगतील की कफीलच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, कपाटात. तुमचा कार्यक्रम तिथेच हातातून जाईल. त्यापेक्षा ह्यूस्टनहून आलेले काका बरे, ते वक्तशीरपणावर बोलतात.

वेशभूषा स्पर्धा हा उपक्रमाचा गाभा. प्रत्येक मुलाला एक देश द्या. जपानला आत्याचा गाऊन पुरतो, अरबस्तानला पंचा आणि काळी दोरी, इंग्लंडला कोणाच्या तरी लग्नातला कोट. अडचण नेपाळची येते.

ती अशी येते की नेपाळचा एक मुलगा आधीच तुमच्या वर्गात बसलेला असतो. त्याचा बाप हापूसच्या बागेत राखणदार असतो. ही माणसं दिवाळीच्या आगेमागे येतात, कलमांना मोहोर धरल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत रात्री बॅटरी घेऊन बागेतून फिरतात, दिवसा वानर हाकतात, आणि मृगाच्या आधी परत जातात. पोरगं बागेतल्या मांगरात (राखणदाराच्या खोपटात) राहतं आणि खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसतं. त्याच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाला आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं कव्हर असतं आणि कव्हरवर 'एक्स्पोर्ट क्वालिटी' असा निळा शिक्का. दोन हंगाम इथे काढल्यामुळे ते अस्सल मालवणी बोलतं. देश वाटताना ते हात वर करून म्हणणारच, "बाई, माका पण व्हया!"

घाबरू नका, उपाय आहे. त्याला ब्राझील करा. नेपाळ सरपंचांच्या पुतण्याला द्या, पुठ्ठ्याची कुकरी द्या, डोक्यावर टोपी, आणि 'शाब्जी, शलाम' एवढं वाक्य. टाळ्या त्यालाच पडतील. ब्राझील झालेला मुलगा मागे उभा राहून बघेल. त्याला वाईट वाटलं की नाही, हे मोजायचा रकाना अहवालात नाही.

याच मुलाबद्दल आणखी दोन शब्द, कारण तपासणीत इथेच पाय घसरतो. हजेरीपटावर त्याचं नाव काय लिहिलं आहे ते आजच बघा. 'बहादूर' लिहिलं असेल तर खोडू नका, त्याच्या बापालाही बागायतदार त्याच नावाने हाक मारतात, त्याआधी होता त्या राखणदारालाही मारायचे. खरं नाव विचारायला गेलात तर आडनाव, जिल्हा, आईचं नाव असं लांबत जातं. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला व्हिसा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाचं 'प्रत्येक बालक' असं म्हटलं आहे, कुठल्या देशाचं ते विचारलेलं नाही. विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवर मात्र आधार क्रमांकाचा रकाना आहे. करार, कायदा आणि रकाना यांच्यात लागली तर रकाना जिंकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे हा मुलगा खिचडीच्या पातेल्याभोवती आहे, कवायतीत आहे, पाढ्यांत पहिला आहे, पण शिक्षक किती मिळणार हे ठरवताना नाही. बरं, पट वीसच्या खाली आला आणि शाळा राहते की जाते अशी हवा उठली की हेच गुरुजी मोटारसायकल काढून बागाबागांतून नेपाळी पोरं शोधत फिरतात. यात विसंगती दिसत असेल तर ती तुमची नजर. गुरुजींना नोकरी करायची आहे.

बापापेक्षा आंब्याची कागदपत्रं चोख असतात, हे खरं. अमेरिकेत जायचं तर विकिरण, जपानला जायचं तर बाष्पाची प्रक्रिया, युरोपला तर २०१४ च्या मे महिन्यात फळमाशी सापडली म्हणून सगळ्या हापूसला दरवाजा बंद झाला होता, तो पुढच्या वर्षी उघडला. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कोणत्या तालुक्यातला, कोणत्या बागेतला, सगळं नोंदलेलं. मुलांना हा प्रवास जरूर सांगा, जागतिक व्यापाराचा सुंदर धडा आहे. रात्री तो राखला कोणी, हे धड्याच्या शेवटी स्वाध्यायात सुद्धा घालू नका.

काजूचीही गोष्ट सांगता येईल. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला इथे थांबा. आता आफ्रिकेतून बी येते आणि म्हणून आपल्या बीचा भाव पडतो असं पालक चहाच्या टपरीवर बोलतात, ते त्यांना तिथेच बोलू द्या.

सहल. जागतिक नागरिकत्वासाठी कोकणाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही, कारण इथले परके बहुतेक मरून गेलेले आहेत. मेलेला परका हा वारसा असतो, त्याला तिकीट लावता येतं. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले, बेने इस्रायली नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली झाले, कोर्लईत अजून पोर्तुगीज वळणाची बोली घराघरात बोलतात. (कोर्लईची माणसं जिवंत आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलू नका, किल्ला बघून या.) रत्नागिरीत थिबा पॅलेस दाखवा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ साली इंग्रजांनी राज्य घेतलं, इथे आणून ठेवला, १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला, १९१६ मध्ये इथेच वारला. त्याची नात टुटू रत्नागिरीतच राहिली, गरिबीत संसार केला, मराठी बोलत म्हातारी झाली. हे शेवटचं वाक्य मार्गदर्शकाला गाळायला सांगा, त्यात राजा-राणी नाहीत. मुलांना थिबा पॉइंटवर नेऊन सूर्यास्ताचे फोटो काढू द्या.

कासव महोत्सवाला गेलात तर उत्तमच. ऑलिव्ह रिडले कासवावर निबंध लिहायला लावा. २०२२ साली वेळासच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग बसवून तिचं नाव प्रथमा ठेवलं. ओडिशात २०२१ साली खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली, सगळ्यांना केवढा आनंद झाला! कुठून आली, किती दमली, तिला आपला किनारा का आवडला, याची गावभर चौकशी झाली. घरटं राखायला माणूस, वर जाळी, पिल्लं समुद्राकडे निघाली की टाळ्या. त्याच किनाऱ्याला नौकेवरचा नेपाळी किंवा ओडिशाचा खलाशी भाड्याने खोली मागायला आला की आपण म्हणतो, फॅमिली नाही ना, मग नको. निबंधाचा विषय कासव एवढाच ठेवा. दोन्हींची तुलना करणारं एखादं पोर निघतंच. त्याला उत्तेजनार्थ द्या, पहिलं नको.

प्रश्नमंजूषेत २०२० च्या निसर्ग वादळाचं नाव कोणी सुचवलं (बांगलादेशने), २०२१ च्या तौक्तेचं कोणी (म्यानमारने), असे प्रश्न चालतील. उडालेल्या कौलांची भरपाई कधी आली, हा प्रश्न भूगोलाचा नाही.

राहता राहिला तो तिसरा भाग, करणं. राजापूर तालुक्याच्या आसपासची शाळा असेल तर तुमच्याबद्दल मला खरंच काळजी वाटते. बाकीच्या महाराष्ट्राला जगाची ओळख करून द्यावी लागते, इथे जग स्वतः ओळख करून घ्यायला येतं. जैतापूरला फ्रान्सच्या सहा अणुभट्ट्या योजलेल्या, प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या, रिफायनरीसाठी २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबुधाबीची कंपनी. जागा आधी नाणारची, मग बारसूची. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) माती परीक्षणाला गाड्या आल्या तेव्हा बाया रस्त्यावर आडव्या झाल्या. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत आणि ती २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. म्हणजे ज्या युनेस्कोने तुम्हाला मार्गदर्शिका दिली, तिच्याच यादीत तुमच्या शाळेमागचा सडा. मुलांनी हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले तर काय उत्तर देणार आहात?

म्हणून कातळशिल्पांच्या सहलीला मुलांना सारखं 'खाली बघा' म्हणत राहा. शिल्प खालीच कोरलेलं असतं, त्यामुळे संशय येत नाही. सड्यावरून वर बघितलं की चौफेर दिसतं. रेघा मोजून घ्या, हत्ती ओळखायला लावा, गाडीत बसवा.

कोणी 'जागतिक प्रश्नावर ग्रामसभेत मत मांडू' असा प्रकल्प सुचवला तर लहान मुलांची बालसभा भरवून टाका. तिच्यात ठराव प्लास्टिकबंदीचा करा, अध्यक्ष हुशार मुलीला करा, आणि ठरावाची प्रत ग्रामपंचायतीला पाठवा. ग्रामपंचायत ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवते. मोठी मुलं, विशेषतः नववी-दहावीची, खऱ्या सभेला आली तर त्यांना खुर्च्या मांडायचं काम द्या. काही मुलांना प्रकल्प हवा असेल, काहींना नको असेल, दोघांकडे कारणं असतील, आणि ती कारणं पाहुण्याच्या भाषणापेक्षा चांगली असतील. अशा वेळी माईक बंद पडतो.

प्रमाणपत्रांचं शेवटी. 'जागतिक नागरिक' असं सोनेरी अक्षरात छापा, खाली सतरा रंगांचं चाक. नावं पोर्टलवरच्या यादीतून उतरवून घ्या, म्हणजे चूक होत नाही. ज्याचं नाव यादीत नाही त्याला कोरं देऊन 'तूच लिही' म्हणा. लिहील तो नीट, त्याचं अक्षर चांगलं आहे.

पाहुण्यांची गाडी दुपारी आहे, तेव्हा आभार प्रदर्शन आटोपतं घ्या. आणि बॅनरवर साल छापू नका. पुढच्या वर्षी डिजिटल नागरिकत्व येणार असं केंद्रप्रमुख म्हणत होते, पहिल्या शब्दावर कागद चिकटवला की भागेल.