टेबलाखाली वाकू नका

निधी परत जाऊ नये म्हणून मार्चअखेर घाईघाईने घेतलेले संगणक जूनमध्ये खोक्यांतून बाहेर आले असतील, तर आधी अभिनंदन. तीन वर्षांच्या वॉरंटीतले तीन महिने थर्माकोलमध्ये सुखरूप पार पडले. आता नारळ फुटेल, मॉनिटरला हळदकुंकू लागेल (नारळाचं पाणी कीबोर्डवर शिंपडू नका, एवढं आगाऊ सांगून ठेवतो), साहेब बटण दाबतील आणि उजव्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोल उगवेल. गोलावर मनाईची खूण असेल, म्हणजे इंटरनेट जोडलेलं नाही. गोंधळून जाऊ नका. आणि काही झालं तरी टेबलाखाली वाकू नका.

टेबलाखाली नेटवर्कची वायर असते. ती मशीनमध्ये जिथे शिरते तिथे एक बारका दिवा असतो. तो विझलेला असेल तर भानगड बहुधा वायरीत, जॅकमध्ये नाहीतर पलीकडच्या स्विचमध्ये (सगळ्या मशीनच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा) आहे, हे वीस सेकंदांत कळतं. पण वीस सेकंदांत कळलेल्या गोष्टीची टिपणी होत नाही, तिच्यावर बैठक लागत नाही. तेव्हा रीस्टार्ट करा. मग पुन्हा करा. शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी येऊन "रीस्टार्ट केलं का?" विचारेल, त्याच्या समाधानासाठी तिसऱ्यांदा करा.

मग तक्रार नोंदवा. ती फक्त ऑनलाइन नोंदवता येते. इथे हसू नका, कारण पुढचा टप्पा याहून सरस आहे. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, मशीनमध्ये नाही असं निघालं, तर तो कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचा असतो. विहिरीत पडलेल्याने दोर आणायला घरी जायचं, तसं हे. खोक्यात कुठेतरी ड्रायव्हरची सीडी सापडलीच, तर नव्या मशीनला सीडी घालायची जागाच नसते. एखादं नवखं पोरगं म्हणेल, "सर, माझा मोबाइल यूएसबीने जोडतो, टेदरिंगवर, म्हणजे मोबाइलच्या नेटवर, पाच मिनिटांत ड्रायव्हर उतरेल." त्याला वेळीच आवरा. माहिती सुरक्षा धोरण म्हणून एक कागद असतो, तो अशाच वेळी उपयोगी पडतो.

चौथ्या दिवशी पुरवठादाराचा माणूस येतो. तो काळी खिडकी उघडून १२७.०.०.१ ला पिंग करतो, म्हणजे "आहेस का?" असं विचारतो. चार उत्तरं येतात, झटक्यात. "नेटवर्क ओके आहे साहेब, प्रॉब्लेम तुमच्या लाइनीत आहे," असं म्हणून तो सहीसाठी कागद पुढे करतो. १२७.०.०.१ म्हणजे ते मशीन स्वतःच. आपल्याच दारावर टकटक करायची, आतून आपणच "कोण आहे?" विचारायचं आणि घरात माणसं आहेत असं लिहून द्यायचं. सही करा. त्यावरच त्याचं बिल निघतं.

तो गेल्यावर एखादा जाणकार सहकारी मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघतो आणि तो १६९.२५४ ने सुरू होतो, असं जाहीर करतो. नंबर आहे म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं. वास्तविक नेटवर्ककडून पत्ता मागूनही कोणी दिला नाही, की विंडोज स्वतःच असला पत्ता घेऊन बसतं. ग्रामपंचायतीने घर क्रमांक दिला नाही म्हणून दारावर खडूने आपणच आकडा लिहावा, तशातली गत. पोस्टमन काही त्यावर यायचा नाही.

या टप्प्यावर हाताने आयपी टाकण्याचा मोह होईल. जरूर टाका. कुठला आयपी कोणाला दिलाय याची यादी गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या डायरीत आहे आणि डायरी त्यांच्याबरोबर गावी गेली आहे. म्हणून अंदाजाने १९२.१६८.१.१० टाका. तो आस्थापना शाखेच्या प्रिंटरचा निघेल. आता दोघं एका पत्त्यावर भांडतील आणि रजेचे अर्ज छापायचे थांबतील. तुमचा प्रश्न सुटणार नाही, पण त्याला व्यापक स्वरूप येईल.

वायरिंगबद्दल कोणी बोललंच, तर म्हणा की वायरिंग नवीन आहे. पंखे बसवणाऱ्यानेच ते पंख्यांच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून ओढलंय. आत आठ तारा, चार जोड्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. त्याने दोन्ही टोकांना सारखा, पण स्वतःला आवडला तो क्रम लावला. जवळच्या टेबलांवर ते चालूनही जातं. लांब अंतरावर मात्र जोड्या मोडल्याचा हिशेब चुकता होतो, नेट अडखळतं, आणि लोक म्हणतात, पावसाळ्यात नेट जातंच.

एवढ्यात झाडू मारताना मामा टेबलाखाली वाकतात. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तिथे भिंतीवरच्या आठ पोर्टांच्या छोट्या स्विचमधून आलेली एक वायर लोंबकळत असते. या सगळ्या धांदलीत तुमच्या मशीनमधून निसटलेली. मामा टापटिपीचे. वायरीला जॅक आहे, स्विचला भोक रिकामं आहे. ते खट्कन लावून देतात. निघालेली वायर त्याच स्विचमध्ये परत. चांगल्या स्विचला असला फेरा ओळखून ते तोंड बंद करता येतं, पण तो दर जास्त म्हणून अंदाजपत्रकातून वगळलेला होता. एकच निरोप गोल गोल फिरत हजारपट होतो, स्विचचे सगळे दिवे एका लयीत लुकलुकायला लागतात, आणि मिनिटभरात लेखा, आस्थापना, साहेबांची केबिन, सगळीकडचे गोल मान टाकतात.

आवकच्या मॅडम कपाटातून लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टर काढतात. चहा सांगितला जातो. साहेब बाहेर येऊन विचारतात, "काल एकच बंद होता ना हो?"

"हो साहेब," तुम्ही सांगा, "आता लाइनीचाच प्रॉब्लेम आहे, हे नक्की झालं."