पाणी घालून घ्यावी

मावशीला भेटायला लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. आयसीयूच्या दारात वॉचमनने अडवलं. "सायब, हात!" मी हात पुढे केले, त्याने बाटलीचं मुंडकं दाबलं आणि पिचकारी तळहात चुकवून थेट शर्टावर. शर्ट पांढरा, सॅनिटायझर निळं. वर हा गडी रांगेकडे बघून म्हणतो, "शिकलेल्या माणसाला बी हात धरता येईनात!"

मी चिडून उरलेले थेंब चोळले. हुंगलं तर नुसता गुलाबाचा वास. म्हणालो, "साठ टक्क्यांच्या खाली अल्कोहोल असलं तर विषाणू नीट मरतीलच असं नाही. यात किती आहे?"

वॉचमन गप्प. पण मागच्या धोतरवाल्या आजोबांचे कान टवकारले.

"किती टक्क्याची पायजे म्हनलाव?"

"जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ऐंशी टक्के इथेनॉल असतं, आजोबा."

"मग शंभर का घालीनात? तिथं बी काटकसर?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण बीएस्सी झालेल्या माणसाला फुकटचा श्रोता कुठे मिळतो! "शंभर टक्क्यांची उलट कमी चालते. विषाणूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच."

आजोबांनी हे नीट चघळलं. मग रांगेतल्या पोराकडे वळून, "ऐकलंस का रे बापू? कोरी घेऊ नाही, पाणी घालून घ्यावी! सायब दवाखान्याच्या दारात सांगायलेत!"

अख्खी रांग हसली. बापूने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. आजोबा माझ्याकडे वळून तितक्याच मोठ्यांदा म्हणाले, "थोरला आत हाय. लिवर गेलंय. त्यानं कधी पाणी घातलंच न्हाई." आता हसावं की काय करावं, कुणालाच कळेना.

त्यांचा नंबर आला. ऐटीत दोन पिचकाऱ्या घेतल्या, माझ्याकडे बघत चांगले अर्धा मिनिट हात चोळले, अगदी बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग चंची सोडली, त्याच तळहातावर तंबाखू-चुना मळला आणि बार भरला. वॉचमन काही बोलला नाही. त्याची जबाबदारी पिचकारीपुरती.

खरं तर असल्या चिकट, मळक्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस तर अल्कोहोलला फारसा जुमानत नाही. म्हणून बेसिन शोधलं. नळ कोरडा, साबणाच्या डबीत कुणाची तरी औषधाची चिठ्ठी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, ते एकवेळ समजू शकतो. पण आता गच्चीवरच्या टाकीतून खाली यायलाही रेल्वे लागते का?

बिलात मात्र 'सॅनिटायझर व स्वच्छता' अशी ठसठशीत ओळ होती. यात नळाचं पाणी धरलंय का, असं विचारलं, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सिस्टीममधून येतं, सर." आणि अंगठ्याला थुंकी लावून माझ्या नोटा मोजायला लागला.