इथे आपलं नेहमीचं

‘पाच मिनिटांचं काम आहे’ असं आजवर मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकानेही ते काम स्वतः केलेलं नव्हतं. या वेळी सांगणारे आमचे साहेब होते. काम होतं महिनाअखेरीच्या अहवालाचं. अहवाल करायचा नव्हता, तो तर मी वर्षानुवर्षं करतोच आहे. तो कसा करतात, हे कॉम्प्युटरच्या पडद्यावर करून दाखवायचं, सोबत आवाजात समजावून सांगायचं आणि त्याचा व्हिडिओ करून ठेवायचा. म्हणजे उद्या मी नसलो तरी कुणाचं अडायला नको. ‘मी नसलो तरी’ म्हणताना साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण ते असो.

काम तसं किरकोळ. एका सॉफ्टवेअरमधून माहितीची फाइल उतरवून घ्यायची, ती एक्सेलमध्ये आणायची, तारखांची खोड मोडायची, दुबार आलेल्या ओळी काढायच्या, बेरजा जुळवायच्या आणि पीडीएफ करून पाठवून द्यायचा. मला चार मिनिटं लागतात, फोनवर बोलत बोलत केलं तर साडेचार.

मुळात मी आळशी माणूस. त्यामुळे पहिला विचार आला तो असा, की समजावत कशाला बसायचं? आपण करतो ते कॉम्प्युटरलाच नोंदवून ठेवू दे आणि दर महिन्याला त्याचं त्यालाच पुन्हा करू दे. ही कल्पना काही माझी नव्हे. १९९० साली आलेल्या विंडोज ३.० मध्ये ‘रेकॉर्डर’ नावाचं एक चिमुकलं साधन फुकटच मिळायचं. तुम्ही दाबलेल्या कळा आणि माऊसच्या हालचाली ते लक्षात ठेवायचं आणि सांगाल तेव्हा जशाच्या तशा करून दाखवायचं. विंडोज ९५ आलं तेव्हा ते गुपचूप गायब झालं. का गायब झालं असावं, याचा अंदाज मला तशाच धर्तीचं एक नवं साधन वापरल्यावर अर्ध्या तासात आला.

या साधनाला तुम्ही काय केलं ते कळत नाही, कुठे केलं तेवढंच कळतं. ‘सेव्हचं बटण दाबलं’ असं त्याच्या वहीत नसतं. ‘डावीकडून इतके ठिपके, वरून इतके ठिपके, तिथे टिचकी’ असं असतं. दुसऱ्या दिवशी एक्सेलची विंडो बोटभर खाली उघडली. माझं भूत मात्र कालच्याच जागी टिचक्या मारत सुटलं. त्याने आधी एक रकाना उडवला, मग अक्षरांचा आकार बहात्तर केला, आणि मग ज्या विंडोला या प्रकरणाशी काही देणंघेणं नव्हतं तिच्यात शिरून अहवालाचं नाव मोठ्या आत्मविश्वासाने टाइप केलं. ती विंडो साहेबांशी चाललेल्या चॅटची होती. एंटर दाबायलाही ते विसरलं नाही. अगदी माझ्याचसारखं काम करणारं, फक्त डोळे नसलेलं कुणीतरी खुर्चीत बसलंय, असं ते दृश्य होतं. मी हात वर करून नुसता बघत राहिलो, कारण माऊसला हात लावला की आमची दोघांची झोंबाझोंबी व्हायची.

म्हणून मग व्हिडिओ.

आता या प्रकाराला ‘स्क्रीनकास्ट’ म्हणतात. हे नावही फार जुनं नाही. २००४ साली जॉन उडेल या तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या गृहस्थांनी आपल्या वाचकांना, याला काय म्हणावं, असं विचारलं आणि वाचकांनी सुचवलेल्या नावांतून हा शब्द रुजला. मला कुणी विचारलं असतं तर मी ‘फजिती’ असं सुटसुटीत नाव सुचवलं असतं.

रेकॉर्डिंगसाठी मी ओबीएस नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. खेळ खेळणारी आणि ते जगाला दाखवणारी पोरं हेच वापरतात, असं मुलीने सांगितलं होतं. उघडल्यावर मधोमध एक भलामोठा काळा चौकोन दिसला. पडदा काही दिसेना. तासाभराने उलगडा झाला, की काही लॅपटॉपमध्ये चित्र काढणाऱ्या चिपा दोन असतात, पडदा एकीच्या ताब्यात, सॉफ्टवेअर दुसरीच्या पदराला धरून, आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही. त्यांचा समेट घडवला आणि पहिलं रेकॉर्डिंग केलं. अकरा मिनिटं बोललो. मधे एक विनोदही केला. सॉफ्टवेअरने ते सगळं इमानेइतबारे टिपलं, फक्त आवाज सोडून. आवाज ते एका अशा माइकमधून घेत होतं, जो मागच्या वर्षी मोडला होता आणि कपाटात पडून होता.

दुसऱ्या खेपेला आवाज आला. तो आला नसता तर बरं झालं असतं, असं वाटावं इतका स्पष्ट आला.

याला शास्त्रीय कारण आहे, आणि ते मी त्या रात्री स्वतःच्या समाधानासाठी वाचून काढलं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खालचे सूर चांगले पोचवतात. त्यामुळे स्वतःला आपण भारदस्त वाटतो. माइकला हाडं नसतात. इतकी वर्षं मी जो आवाज माझा समजत होतो, तो फक्त माझ्या कवटीपुरता होता. बाकीचं जग हा दुसराच, नाकातून येणारा, किंचित तक्रारखोर माणूस सहन करत होतं. मी बायकोला विचारलं, ‘माझा आवाज असा आहे?’ तिने हेडफोन कानाला लावून दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाली, ‘असाच आहे. का?’

आवाजाचं दुःख गिळलं तर पुढे भाषा उभी. रेकॉर्डचं बटण दाबताच माझ्या आत एक सूत्रसंचालक जागा होतो, हे मला ठाऊक नव्हतं. ‘तर मित्रहो, आता आपण काय करणार आहोत, तर आपण इथे टिचकी मारणार आहोत.’ मी जन्मात कुणाला मित्रहो म्हटलेलं नाही. टिचकी हा शब्दही मी फक्त छापलेला पाहिला होता. कॅरमचा स्ट्रायकर सोडून कशालाही टिचकी मारा असं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलगी दारातून म्हणाली, ‘बाबा, तू असं का बोलतोयस? क्लिक म्हण ना.’ मग क्लिक म्हणू लागलो. पण एकदा क्लिक आलं, की त्याच्या मागून सिलेक्ट, ड्रॅग, ड्रॉप असं सगळं वऱ्हाड आत शिरतं, आणि वाक्यात मराठीच्या नावाने उरतं ते फक्त ‘करायचं’.

त्याहून मोठी अडचण ‘हे’ आणि ‘ते’ यांची. शेजारी बसवून शिकवताना आपण किती बोटावर बोलतो, हे बोट दिसेनासं झाल्यावर कळतं. ऐकताना माझी वाक्यं अशी निघाली : ‘हे इथून घ्यायचं, त्याच्यात टाकायचं, हे नाही हं, ते, आणि मग ते झालं की हे आपोआप तसं होतं.’ व्याकरणदृष्ट्या यात खोट नाही. सर्वनामं आहेत, क्रियापदं आहेत. नामांचा तेवढा दुष्काळ. मी ज्याला ‘ते चौकोनी’ म्हणतो, त्या बटणाचं नाव काय, हे मला इतक्या वर्षांत समजून घ्यावंसंच वाटलं नव्हतं. शिवाय बोटाची हौस माऊस भागवत होता. मी ‘इथे’ म्हटलं, की बाण त्या जागेभोवती गरागरा फिरायचा, साखरेच्या दाण्याभोवती माशी फिरावी तसा, आणि मी गप्प झालो तरी त्याचं सुरूच. त्याला थांबवावं म्हणून हात बाजूला घेतला, तर पुढचं काय ते आठवेना.

खरी मेख इथे होती. काम माझ्या हाताला येत होतं, मला नाही. हात चालत असताना तोंडाने विचारलं, ‘आता तू काय केलंस?’ की हात बिचकायचा. जिना उतरताना कुणी ‘आता कुठला पाय?’ असं विचारावं, तसं. पाचव्या खेपेला मी पीडीएफ कसा करायचा हेच विसरलो आणि पडदा रेकॉर्ड होत असताना सगळे मेनू एकेक करून उघडून पाहिले. वर तोंडाने, ‘इथे बरेच पर्याय आहेत, ते आपण पुन्हा कधीतरी बघू.’

सहावी खेप मात्र देखणी झाली. चूक नाही, अडखळणं नाही, बाहेर कुणाचं ड्रिल नाही, दाराची बेल नाही. शेवटच्या मिनिटाला, बेरजा जुळत असताना, उजव्या कोपऱ्यातून एक पाटी अलगद वर आली. बायकोचा मेसेज : ‘दातांच्या डॉक्टरांना फोन केलास का? घाबरू नकोस, भूल देतात.’ ती पाच सेकंद थांबली, अहवालापेक्षा कितीतरी ठळक, आणि अलगद गेली. नोटिफिकेशन बंद करायची असतात हे सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि सगळीकडे लिहिलेलं असतं तेच कुणी वाचत नाही.

मधे एकदा बोलणंच टाळून पाहिलं. विंडोज ७ बरोबर २००९ साली ‘प्रॉब्लेम स्टेप्स रेकॉर्डर’ आला होता. दर क्लिकला तो पडद्याचा फोटो काढतो आणि खाली एक वाक्य स्वतःच लिहितो. वाक्य थेट पंचनाम्याच्या थाटाचं : वापरकर्त्याने अमुक विंडोमधील तमुक बटणावर डावी क्लिक केली. तुम्ही काय टाइप केलं ते मात्र तो लिहीत नाही, तेवढी अब्रू राखतो. माझ्या चार मिनिटांच्या कामाचा पंचनामा एकोणसाठ फोटोंचा झाला. त्यातले एकवीस फोटो मी उगाच रिकाम्या जागी क्लिक केल्याचे. मला विचार करताना रिकाम्या जागी क्लिक करायची सवय आहे, हे तेव्हा उघडकीला आलं.

शेवटी सातवी खेप बरी म्हणून ठेवली आणि कापाकापीला बसलो. इथे मला, खोटं कशाला बोला, मजा आली. आपलीच ‘अं’ आणि ‘म्हणजे काय’ ही पिलावळ रेघेवर उंचवट्यांसारखी दिसते. कात्री लावली की नाहीशी. सहा मिनिटांत एकतीस वेळा ‘म्हणजे काय’ काढलं. मधेच एक दणदणीत खोकला होता, खोकण्याआधी घसा खाकरणं होतं, नंतर पाणी पिणं होतं. हात तोवर आपलं काम उरकत होता, पण आवाज नुसता खर्र खर्र. तो अख्खा तुकडा उचलून फेकला. दोन टोकं जोडली. सांधा कळेलसुद्धा नाही इतकं बेमालूम जमलं, आणि माझी मलाच कमाल वाटली.

मग फाइल तयार व्हायला लावली आणि पंखे घोंघावू लागले. तेवढ्या वेळात मी कागदावर हिशेब केला. पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांहून जास्त. दर ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला तीस चित्रं. तसंच्या तसं साठवलं तर सेकंदाला साडेअठरा कोटींहून जास्त बाइट, आणि मिनिटाला अकरा जीबी! असं होत नाही, कारण सॉफ्टवेअर दरवेळी सगळं चित्र लिहीत बसत नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं, तेवढंच बहुतेक वेळा लिहितं. आमच्या अहवालात पडद्यावर बदलत होतं काय, तर बाण. म्हणजे त्या फाइलमध्ये मुख्यत्वे माझ्या माऊसची थरथर साठवलेली होती.

पाच मिनिटांचं काम तीन दिवसांत झालं. साहेबांनी पहिली वीस सेकंदं पाहिली, ‘वा’ म्हणाले, आणि अहवालाचं काम आमच्याकडे नव्यानेच आलेल्या एका मुलीकडे गेलं. ती व्हिडिओ बघून शिकली. मला एकदाही काही विचारायला आली नाही. याचा मला किती अभिमान वाटला, ते सांगत नाही.

आठ महिन्यांनी ती रजेवर गेली आणि महिनाअखेर आली.

मी निवांत बसलो. फाइल उतरवली, उघडली. तारखांचा विचका झालेला. बारापर्यंतच्या तारखांत दिवस महिन्याच्या जागी आणि महिना दिवसाच्या जागी. तेरापासून पुढच्या तारखाच उरल्या नव्हत्या, नुसती अक्षरं होऊन रकान्याच्या डाव्या कडेला रुसून बसलेली. ही ती खोड. ती कशी मोडायची? हाताकडे पाहिलं. हात माझ्याकडे पाहत होता. आठ महिन्यांत तोही विसरला होता.

काळजी नव्हती, व्हिडिओ होता. लावला. तो नाकातला माणूस बोलू लागला. ‘इथे तारखा थोड्या गडबडलेल्या दिसतील, तर इथे आपलं नेहमीचं करायचं,’ आणि पुढच्याच क्षणी सगळ्या तारखा सरळ, ओळीने उजवीकडे उभ्या! ‘बघा, झालं,’ तो म्हणाला. मी मागे गेलो. पुन्हा लावला. एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. एका चित्रात तारखा उलट्या, पुढच्यात सुलट. सांधा खरंच कळत नव्हता.

नाइलाजाने तिला फोन केला.

‘सर, ते तुमच्या व्हिडिओत आहे ना?’ ती म्हणाली.

‘व्हिडिओतच बघतोय. तारखांचं तू काय करतेस?’

बराच वेळ शांतता. ‘तिथे मी... म्हणजे तिथे ते आपलं नेहमीचं असतं ना सर, ते. पहिल्याच महिन्यात खूप खटपट करून सापडलं होतं. आता असं तोंडी नाही सांगता येणार. समोर असलं की हात करतो.’ मग म्हणाली, ‘थांबा, लॅपटॉप आहे इथे, पाठवते.’

चार मिनिटांनी व्हिडिओ आला. अडतीस सेकंदांचा. नमस्कार नाही, मित्रहो नाही, बोलणं म्हणून एक अक्षर नाही. फाइलवर डबल-क्लिक न करता ती एक्सेलच्या डेटा टॅबमधून आत घेतली, तारखेच्या रकान्याला आधी दिवस मग महिना असं निवडून दिलं, संपलं. मधे एकदा ती खोकली. तो खोकला तिने तसाच ठेवला होता.