मोटरमन कोण, गार्ड कोण

रात्रीचे साडेदहा वाजलेत, सकाळी लवकरची गाडी पकडायचीय, तरी लिहायला बसलोय. नऊ वाजता फोनवर लेकीच्या दोस्ताच्या घरून, वहिनींचा, एक मेसेज आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. "ह्याच्या कोपराला ओरखडा दिसतोय. खेळताना कुणी लक्ष ठेवून होतं ना?"

होतं. मी होतो. चार ते साडेसहा, अडीच तास. त्यात एकदा चहा केला तो तसाच गार झाला आणि शेवटी बेसिनमध्ये ओतला, एवढं लक्ष ठेवून होतो.

झालं असं. आज रविवार, बाहेर धो धो पाऊस, बायको तिच्या बहिणीकडे ठाण्याला. घरात मी, लेक (वय साडेपाच) आणि शेजारच्या विंगमधला तिचा दोस्त (वय सहा, यापुढे 'पाहुणा'). याला हल्ली प्लेडेट म्हणतात. त्यासाठी दोन दिवस आधीपासून मेसेजामेसेजी चालते. किती वाजता, खायला काय देणार, टीव्ही लावणार का. आमच्या चाळीत खालून नुसती हाक यायची, की चपला न घालता जिन्यावरून सुसाट. (माहितीय, 'आमच्या लहानपणी' म्हटलं की अर्धे लोक पुढे वाचत नाहीत. जा खुशाल.)

तर दोघांनी लोकल बनवली. डोंबिवलीची पोरं, दुसरं काय बनवणार? सोफ्याच्या सहा गाद्या, चार उशा आणि आजीच्या पलंगावरचे दोन लोड, अशी बरोब्बर बारा डब्यांची. दिवाणखान्यातून निघून थेट डायनिंग टेबलाखाली. टेबल म्हणजे ठाण्याच्या वाटेतला पारसिकचा बोगदा. स्लो गाडी त्या बोगद्यातून जात नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण वेळेत मिटलं. त्या अडीच तासांतलं माझं तेवढंच शहाणपण.

गाडी तयार झाली आणि भांडण पेटलं. मोटरमन कोण? "गाद्या माझ्या घरच्या." "पण आयडिया माझी!" मग ढकलाढकली, मग "जा, मी नाही खेळत", मग तो विशिष्ट सुरातला रडण्याचा पहिला आलाप, ज्यानंतर साधारण चार सेकंद असतात आपल्या हातात.

आणि मी गेलो मध्ये. फोनवर टायमर लावला. पाच मिनिटं तू, पाच मिनिटं तो. शिवाय एक छोटंसं भाषण ठोकलं, शेअरिंग वगैरे. स्वतःवर खूश होतो अगदी. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण मेगाब्लॉकच्या घोषणेकडे पाहतो. लेक पुढे बसली, गाडी काही चालवेना, नुसती टायमरकडे बघत राहिली. पाहुणा मागे बसून आकडे मोजायला लागला. पाच मिनिटांनी टायमर वाजला तेव्हा दोघंही उठून खिडकीत जाऊन उभे राहिले होते. बारा डब्यांची गाडी घरात आडवी पडलेली आणि तिच्यात कुणी नाही.

हार मानून मी पोहे भिजवायला आत गेलो. कांदा चिरतोय तर बाहेर एकदम शांतता. मुलं असलेल्या घरात शांततेचा अर्थ काय असतो ते वेगळं सांगायला नको. सुरी टाकून धावलो. तर लेक गाडीच्या एका टोकाला, पाहुणा दुसऱ्या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून. पाहुण्याने तोंडाने दोन घंट्या दिल्या, टिंग टिंग, आणि गाडी निघाली. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. पुढची सगळी स्टेशनं गाळून थेट सीएसएमटी. तिथे दोघांनी जागेवर बसल्या बसल्या माना वळवल्या आणि पाहुणा ओरडला, "आता मी मोटरमन, तू गार्ड!" कारण लोकल शेवटच्या स्टेशनावर वळत नाही, आहे तशी उलटी निघते. जे मागचं टोक, तेच पुढचं होतं. जागेवरून कुणाला उठावंच लागत नाही. (रेल्वेने 2022 मध्ये गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलंय म्हणे. आमच्या दिवाणखान्यात आदेश पोचलेला नाही.)

मी पंचवीस वर्षं त्या गाडीने जातोय येतोय. मला नाही सुचलं. मला काय सुचलं, तर टायमर.

म्हणून चीड येते. आपण सगळे पंच होऊन बसलोय. पोरांचा आवाज जरा चढला की आपण शिट्टी घेऊन मैदानात. सॉरी म्हण, हात मिळव, मिठी मार. अरे, त्यांचं भांडण अजून नीट सुरूसुद्धा झालेलं नसतं! डबा ऐसपैस खेळताना राज्य कुणावर, हे चकून ठरायचं, ते कुठल्या काकांनी शिकवलं होतं? टाइम प्लीज कुणी काढलं? आणि कच्चं लिंबू! कुणाचं तरी लहान भावंड गळ्यात पडलेलं असायचं, त्याला खेळायला तर घ्यायचं पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी पाळलेला नियम आहे हा. आपल्या सोसायटीच्या सभेत इतका समजूतदार ठराव कधी झालाय का? आमच्याकडे पार्किंगचा विषय तीन वर्षं चालू आहे.

आता तर 11 जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवससुद्धा ठरलाय, 2024 पासून, संयुक्त राष्ट्रांकडून. म्हणजे खेळायलाही तारीख नेमावी लागली. त्या दिवशीही आपण बाजूला उभे राहून फोटोच काढणार.

हो, चाळीत सगळं गोड नव्हतं. दादागिरी होती, एका पोराला आम्ही आख्खी सुट्टी कट्टी धरून रडवलं होतं, ते आजही आठवतं. लगोरी खेळताना पडून माझ्या हनुवटीखाली तीन टाके आहेत. आणि प्रकरण चावण्यापर्यंत गेलं तर मोठ्यांनी मध्ये पडावंच लागतं, मान्य. पुढे.

तो ओरखडा. तोही सांगून टाकतो. ठाणे सुटल्यावर पाहुणा गार्डाच्या रुबाबात बाहेर वाकला आणि कोपर टीपॉयला घासलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, पाहत होतो. या खेपेला गेलो नाही. फार कठीण गेलं, पाय आपोआप उचलले जातात. लेकीने गाडी थांबवली. मागे गेली, त्याच्या कोपरावर फुंकर मारली, जरा जास्तच, थुंकी उडेपर्यंत. मग हाताचा कर्णा करून घोषणा केली, "सिग्नल नाहीये म्हणून गाडी उशिरा आहे. आम्ही दिलगिरी आहोत." तो हसायला लागला. टिंग टिंग. गाडी निघाली. मला वाटतं, पुरं एक मिनिटही गेलं नसेल.

आणि यावर नऊ वाजता मेसेज, की कुणी लक्ष ठेवून होतं ना.

इथपर्यंत लिहून मी पाणी प्यायला उठलो होतो. परत येऊन वर वाचलं तर जरा जास्तच तापलोय असं वाटतंय. वहिनी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, आपल्या सोसायटीत काही लपत नाही. राग तुमच्यावर नाही, किंवा साडेनऊपर्यंत होता, आता नाही. मागच्या महिन्यात लेक तुमच्याकडून कपाळाला टेंगूळ घेऊन आली, तेव्हा मी तुम्हाला तीन मेसेज केले होते. तिसरा तर बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेऊन डिलीट केला. तुम्ही उत्तरात फक्त "बर्फ लावलाय, मजेत होती" एवढंच लिहिलं होतंत. मी तुमच्या मेसेजला अजून काही उत्तर दिलेलं नाही. काय लिहू? ओरखड्याची सगळी हकिगत मेसेजमध्ये लिहिली तर खुलासा दिल्यासारखं वाटतं. "लक्ष होतं" म्हटलं तर मग थांबवलं का नाही, हा पुढचा प्रश्न. तुम्ही विचारणार नाही कदाचित. मी मात्र विचारला असता.

त्यापेक्षा पुढच्या रविवारी तुमच्याकडे पाठवतो. लोड आहेत का तुमच्याकडे? नसतील तर आमचे पाठवतो, त्याशिवाय बारा डबे पुरे होत नाहीत.

बायको आत्ताच आली. दारातच उभी राहून तिने घरभर पसरलेल्या गाद्यांकडे पाहिलं, मग जमिनीवर बसून फोन बडवणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. मी काही उचललेलं नाही, कारण झोपायला जाताना लेकीने दोनदा बजावलंय. गाडी कळवा कारशेडला लावलीय, सकाळपर्यंत कुणी हलवायची नाही.